वाचलेलं एक, चाललेलं दुसरं

२०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस ‘एक्सझेड युटिल्स’ नावाच्या प्रकल्पात एक टिंब शिरलं. त्या ओळीत दुसरं काही नव्हतं, नुसता पूर्णविराम. एक्सझेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात ती असते आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्षही जात नाही. टिंब आलं ते प्रोग्रामच्या बांधणीच्या एका फाइलीत. बांधणी सुरू झाली की तिथे एक चिमुकला चाचणी-प्रोग्राम कंपाइल करून बघितला जातो. तो कंपाइल झाला तर ‘लँडलॉक’ हे लिनक्सचं सुरक्षा-कुंपण चालू करायचं. नाही झाला तर ते या यंत्रावर उपलब्ध नाही असं समजून पुढे जायचं. टिंबामुळे त्या चाचणीचं व्याकरणच मोडलं. आता त्या फाइलीवरून बांधलं तर ती कुठल्याच यंत्रावर पास होणार नव्हती आणि कुंपण लागणार नव्हतं. बांधणी मात्र विनातक्रार पार पडत होती. बदल करणाऱ्याने सोबत टीप लिहिली होती, की लँडलॉकची चाचणी दुरुस्त केली आहे.

हे टिंब महिनाभराने सापडलं, तेही त्याच प्रकल्पात कितीतरी मोठी चोरवाट उघडकीला आल्यावर, सगळ्यांनी कोड ओळ न् ओळ चाळायला घेतला तेव्हा. त्या चोरवाटेकडे येऊच. पण ओपन सोर्स पॅकेजात दडवलेल्या घातक कोडचं घराणं तिथे सुरू होत नाही, ते चांगलं पन्नास वर्षं मागे जातं. या काळात चोर बदलले, हत्यारं बदलली. लपायची जागा मात्र फारशी बदलली नाही. माणूस जे वाचतो आणि यंत्र जे चालवतं, या दोहोंमध्ये एक फट असते. हा मागोवा त्या फटीचा.

मूळपुरुष शोधायचा तर १९७४ मध्ये जावं लागतं. अमेरिकी हवाई दलासाठी पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरक्षा तपासली. त्यांच्या अहवालात एक शक्यता नोंदवलेली आहे: चोरवाट थेट कंपायलरमध्ये, म्हणजे माणसाने लिहिलेला सोर्स कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये, घातली, तर कंपायलर नव्याने बांधला तरी ती स्वतःला पुन्हा त्यात घालून घेऊ शकेल. अहवाल तसा फायलीतच राहिला. युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्पसन, यांनी ही कल्पना उचलली. त्यांना आणि डेनिस रिची यांना १९८३ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, आणि थॉम्पसन यांचं भाषण ऑगस्ट १९८४ मध्ये छापून आलं. पारितोषिकाच्या भाषणात माणसं आभार मानतात, आठवणी सांगतात. थॉम्पसन यांनी चोरी कशी करायची ते सांगितलं.

युक्ती दोन पायऱ्यांची. पहिली अशी, की कंपायलरला शिकवायचं: लॉगिनचा प्रोग्राम समोर आला की त्यात गुपचूप एक जादा पासवर्ड चालेल अशी सोय कर. पण कंपायलरचा सोर्स कोड कुणी वाचला तर हे तिथेच पकडलं जाईल. म्हणून दुसरी पायरी: कंपायलर जेव्हा स्वतःलाच कंपाइल करेल तेव्हा या दोन्ही करामती त्याने नव्या कंपायलरमध्ये आपणहून घालाव्यात. हे सगळं एकदाच कंपाइल करायचं आणि मग सोर्स कोडमधून दोन्ही गोष्टी पुसून टाकायच्या. आता सोर्स धुतल्या तांदळासारखा. कुणीही, कितीही वेळा वाचावा. त्यातून निघणारा प्रत्येक कंपायलर मात्र विषारीच निघणार. थॉम्पसन यांचा निष्कर्ष कडू होता: सोर्स कितीही तपासला तरी, जो कोड तुम्ही स्वतः पूर्णपणे घडवलेला नाही त्याबद्दल खात्री देता येत नाही. हा नुसता विचारप्रयोग असावा असं अनेकांना वाटत आलं. २०२३ मध्ये रस कॉक्स यांनी थॉम्पसन यांच्याकडून मूळ कोड मिळवून टिपांसह प्रसिद्ध केला. तो शंभरेक ओळींचा आहे.

प्रत्यक्षातल्या चोरांना इतकी हुशारी करावी लागली नाही. नव्वदच्या दशकात मोफत सॉफ्टवेअर मिळायचं ते विद्यापीठांच्या एफटीपी सर्व्हरवरून, टारबॉल म्हणजे गठ्ठा बांधलेल्या फाइलीच्या रूपात. लेखकाशी वैर धरायचं कारण नव्हतं. गठ्ठा बदलला की झालं. २१ जानेवारी १९९९ रोजी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन विद्यापीठाच्या सर्व्हरवर नेमकं हेच झालं. वीत्स वेनेमा यांचा ‘टीसीपी रॅपर्स’ हा प्रोग्राम तिथे होता. यंत्रावर कुणाला जोडणी करू द्यायची आणि कुणाला नाही, हे ठरवणं हेच त्याचं काम. बदललेल्या गठ्ठ्यातला हा पहारेकरी ४२१ क्रमांकाच्या पोर्टवरून येणाऱ्याला थेट रूटचे, म्हणजे सगळ्या यंत्राच्या मालकाचे, अधिकार देत होता. शिवाय कुणी तो कंपाइल केला की कुणी, कुठल्या यंत्रावर केला याची ईमेल परस्पर बाहेर जात होती. गठ्ठ्याची डिजिटल स्वाक्षरी जुळेना, म्हणून प्रकार त्याच दिवशी उघडा पडला.

पुढची काही वर्षं हीच वाट मळत राहिली. २००२ च्या उन्हाळ्यात ओपनएसएसएचचा गठ्ठा बदलला गेला. फ्रीबीएसडीवाल्यांनी नोंदवून ठेवलेला चेकसम, म्हणजे फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळला नाही म्हणून ते कळलं. त्याच वर्षी सेंडमेल, मग टीसीपीडम्प. २०११ मध्ये व्हीएसएफटीपीडीचा. हा चोर विनोदी असावा: लॉगिन नावाच्या शेवटी दोन टिंबं आणि एक कंस, म्हणजे हसरं तोंड, जोडलं की ६२०० क्रमांकाचं पोर्ट उघडायचं. या सगळ्यांत लेखकाने लिहिलेला कोड स्वच्छ होता आणि लोकांच्या यंत्रावर उतरलेला घाण. पकडलं गेलं तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी कंटाळवाणं काम इमानेइतबारे केलं होतं: दोन आकडे ताडून पाहिले होते.

या काळातला सगळ्यात देखणा नमुना २००३ चा, खुद्द लिनक्सच्या कर्नेलमधला. तेव्हा कर्नेलचा मूळ कोड बिटकीपर या यंत्रणेत ठेवला जाई आणि ज्यांना ती नको होती त्यांच्यासाठी दुसऱ्या सर्व्हरवर त्याची एक प्रत असे. नोव्हेंबरमध्ये त्या प्रतीत ‘वेट४’ नावाच्या फंक्शनात दोन ओळींची भर पडली. वरवर बघता एक तपासणी: अमुक दोन पर्याय एकत्र आले आणि वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य असला, तर चूक कळव. लिनक्समध्ये शून्य क्रमांक रूटचा. सी भाषेत तुलना करायची तर ‘==’ लिहितात; एकच ‘=’ लिहिलं तर डावीकडच्याला उजवीकडची किंमत दिली जाते. इथे एकच होतं. म्हणजे ती ओळ वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का हे विचारत नव्हती, त्याला शून्य करून टाकत होती. ज्याला ते दोन पर्याय ठाऊक त्याला यंत्राची मालकी. कुणी पकडलंच असतं तर टंकनातली चूक म्हणून सहज खपलं असतं. बिटकीपरचे लॅरी मॅकव्हॉय यांच्या लक्षात आलं की प्रतीत असलेल्या या बदलाला मूळ कोडमध्ये जोडीदारच नाही, आणि प्रकरण तिथेच संपलं. ज्याने हे लिहिलं तो सी भाषेत मुरलेला होता एवढं नक्की.

मग सॉफ्टवेअर वापरण्याची रीतच बदलली. पायथनच्या पॅकेजांचं पायपीआय हे भांडार २००३ मध्ये आलं, जावास्क्रिप्टचं एनपीएम २०१० मध्ये. आता गठ्ठा शोधायचा, उतरवायचा, स्वाक्षरी बघायची असलं काही राहिलं नाही. एका ओळीची आज्ञा दिली की पॅकेज येतं, त्याला लागणारी पॅकेजेस येतात, त्यांना लागणारीही येतात. हिंजवडीतल्या एखाद्या साध्या प्रकल्पातही अशी शेकड्याने पॅकेजेस उतरलेली असतात आणि त्यांतली बहुतेक टीममधल्या कुणीही उघडून पाहिलेली नसतात. एनपीएममध्ये तर आणखी एक सोय: पॅकेज बसवताना त्याच्यासोबत आलेली स्क्रिप्ट आपोआप चालते. बसवणं आणि चालवणं यांत जे अंतर होतं तेही गेलं. गिटहबवर कोड वाचायचा आणि एनपीएमवरून आलेला चालवायचा, म्हणजे पाककृती वहीत वाचायची आणि डबा मात्र बाहेरून आलेला खायचा. डबा त्याच पाककृतीचा आहे याची हमी बरीच वर्षं कुणीच देत नव्हतं.

आता सर्व्हर फोडायचीही गरज उरली नाही. २०१६ मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने प्रबंधासाठी प्रसिद्ध पॅकेजांच्या नावांत एखादं अक्षर इकडचं तिकडे करून २०० हून अधिक निरुपद्रवी पॅकेजेस टाकली. ती १७ हजारांहून जास्त यंत्रांवर चालली, केवळ टंकताना बोट चुकलं म्हणून. पुढच्या वर्षी ‘क्रॉस-एनव्ही’ या पॅकेजाचा मधली रेघ नसलेला तोतया एनपीएमवर आला. तो निरुपद्रवी नव्हता, यंत्रावरच्या गुप्त किल्ल्या बाहेर पाठवत होता. २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सन यांनी नावांचाच खेळ उलटा करून दाखवला. कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची नावं शोधून त्याच नावाची पॅकेजेस त्यांनी जाहीर भांडारात टाकली, आणि ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपल यांच्यासकट ३५ हून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांनी घरचं सोडून बाहेरचं उचललं. मेंटेनरनेच, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्यानेच, रागाने आपल्या पॅकेजात घाण कालवली, अशीही प्रकरणं २०२२ मध्ये झाली. ती शाखा वेगळी. तिथे फसवणुकीपेक्षा वैताग जास्त.

माझ्या मते या घराण्यातलं खरं वळण २०१८ चं. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे एनपीएमवरचं पॅकेज आठवड्याला सुमारे २० लाख वेळा उतरवलं जात होतं. त्याचे लेखक डॉमिनिक टार यांनी ते कित्येक वर्षांत वापरलंही नव्हतं. एका अनोळखी माणसाने ‘मी सांभाळतो’ अशी ईमेल केली आणि त्यांनी किल्ल्या देऊन टाकल्या. यावरून टार यांना लोकांनी बरंच झोडपलं. मला ते अन्यायाचं वाटतं: ज्या कामाचा छदामही मिळत नाही ते ओझं कुणी आपणहून उचलतो म्हणाला, तर कोण नाही म्हणेल?

नव्या मेंटेनरने ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ नावाचं एक नवं पॅकेज त्यात जोडून घेतलं. गिटहबवर त्याचा कोड निर्मळ होता. एनपीएमवर गेलेल्या दाबून बसवलेल्या फाइलीत जादा भाग होता, आणि तोही कुलूपबंद. कुलपाची किल्ली म्हणजे ज्या प्रकल्पात हे पॅकेज बसेल त्याच्या वर्णनाचा मजकूर. ‘कोपे’ या बिटकॉइन वॉलेटचं वर्णन असेल तरच ते उघडणार, बाकी लाखो यंत्रांवर नुसतं पडून राहणार. उघडल्यावरही शंभरहून जास्त बिटकॉइन असलेली खातीच तेवढी लुटायची. एवढं करून मेंटेनरने पुढच्या मोठ्या आवृत्तीतून फ्लॅटमॅप-स्ट्रीम काढूनही टाकलं, म्हणजे ताजा कोड वाचायला येणाऱ्याला काही दिसायला नको. फसलं ते एका क्षुल्लक गोष्टीने. उलगडणी करणारं फंक्शन जुनाट होतं, जावास्क्रिप्ट चालवणारं नोड त्याबद्दल इशारा छापत होतं, आणि हा इशारा कुठून येतो याचा एकाने छडा लावला.

इथून पुढे चोर सर्व्हरवर येत नाही, नावात लपत नाही. तो वारस होतो.

एक्सझेडचं प्रकरण त्याच धड्याची सावकाश केलेली आवृत्ती आहे. लासे कोलिन हे फिनलंडमधले प्रोग्रामर वर्षानुवर्षं एकट्याने, फावल्या वेळात, विनामोबदला एक्सझेड सांभाळत होते. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने छोट्या, बऱ्या दुरुस्त्या येऊ लागल्या. २०२२ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत दुसऱ्याच नावांनी तक्रारी सुरू झाल्या: काम फार हळू चाललंय, दुसऱ्या मेंटेनरला येऊ द्या. त्यातलं एक नाव ‘जिगर कुमार’. आपल्याकडच्या कुठल्याही आयटी कंपनीच्या हजेरीपटात सहज खपेल असं हे नाव. त्याचा त्याआधी आणि त्यानंतर कुठे मागमूस नाही. कोलिन यांनी उत्तर दिलं की मानसिक आरोग्याच्या दीर्घकाळच्या त्रासामुळे हल्ली काम होत नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे हेही लोकांनी लक्षात घ्यावं. या उत्तरावरही पुढचा टोमणा आलाच. ठरवून केलेली ही छळणूक वाचताना कोडपेक्षा तीच जास्त अंगावर येते. हळूहळू जिया टॅनकडे अधिकार आले, आवृत्त्या प्रसिद्ध करणंही आलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या. विष ठेवलं होतं चाचणीसाठीच्या दोन दाबलेल्या फाइलींत. फाइली दाबणाऱ्या प्रोग्रामच्या चाचण्यांमध्ये मुद्दाम बिघडवलेल्या फाइली असतातच, त्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत, आणि कुणी वाचायच्या अशी अपेक्षाही नसते. त्या फाइलींतून कोड काढून तो लायब्ररीत गुंफणारी ओळ मात्र गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना वाचता येणाऱ्या कोडच्या नोंदवहीत, नव्हतीच. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती, बांधणीच्या एका साहाय्यक फाइलीत. १९९९ ची आइंडहोव्हनची फट, फक्त यावेळी गठ्ठा बदलणारा स्वतःच मालक होता. डेबियन किंवा रेड हॅट घराण्याचं पॅकेज बांधलं जात असेल तरच ती ओळ जागी होत होती. काही वितरणांत दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर सिस्टमडीच्या लायब्ररीमार्फत एक्सझेडपर्यंत पोचतो, तेवढ्या धाग्यावरून चोरवाट थेट लॉगिनच्या दारात निघत होती. ती उघडायची किल्ली एकाच व्यक्तीकडे, किंवा एकाच गटाकडे.

पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करत होते आणि सुरक्षेशी त्यांचा धंद्याचा संबंध नव्हता. वेगाच्या मोजण्या करताना एसएसएच लॉगिन नको तितकं प्रोसेसर खातंय असं त्यांना दिसलं. आधी ०.२९९ सेकंद लागत होते, आता ०.८०७. अर्ध्या सेकंदासाठी कोण एवढं खोल जातं? ते गेले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळं जाहीर केलं. बाधित आवृत्त्या तोवर डेबियन आणि फेडोराच्या चाचणीच्या शाखांत पोचल्या होत्या. मोठ्या स्थिर वितरणांत जायला थोडेच दिवस बाकी होते. जितके डोळे जास्त तितक्या चुका लवकर सापडतात, असा ओपन सोर्सचा जुना दावा आहे. इथे डोळे होते कोडवर, आणि विष कोडच्या बाहेर. सापडलं ते घड्याळावर नजर असलेल्या माणसाला.

२०२५ मध्ये चोरांनी सबुरी सोडली आणि पुन्हा घाई धरली. ८ सप्टेंबरला ‘चॉक’, ‘डीबग’ अशी १८ पॅकेजेस बाटली. सगळी मिळून आठवड्याला २०० कोटींहून जास्त वेळा उतरवली जाणारी. कारण मेंटेनरला आलेली एक बनावट ईमेल: एनपीएमच्या नावाने, दुहेरी पडताळणी नव्याने करा म्हणणारी. दोनेक तासांत ती पॅकेजेस काढली गेली. आठवडाभरात ‘शाई-हुलुड’ आला. नाव ‘ड्यून’ कादंबरीतल्या वाळूच्या अजस्र अळीचं. हा कोड बसवताना यंत्रावरची टोकन चोरतो, त्या टोकनांनी त्या माणसाची इतर पॅकेजेस बाटवून प्रसिद्ध करतो, आणि तिथून पुढे. ५०० हून अधिक पॅकेजेस बाटली. नोव्हेंबरमध्ये दुसरी लाट आली ती याहून मोठी. आता लिहिणारा, सांभाळणारा, वापरणारा ही सगळी माणसं साखळीतून वगळली गेली आणि चोरीच आपली आपण पसरू लागली.

इलाज काय झाले? थॉम्पसन यांच्या कोड्यावर डेव्हिड व्हीलर यांनी २००९ च्या प्रबंधात उत्तर दिलं: कंपायलरचा सोर्स दुसऱ्याच स्वतंत्र कंपायलरने बांधा, त्यातून निघालेल्या कंपायलरने तोच सोर्स पुन्हा बांधा आणि निकाल मूळ कंपायलरशी बिट न् बिट ताडून बघा. डेबियनमध्ये २०१३ पासून हाच विचार सगळ्या पॅकेजांना लावण्याचं काम चाललं आहे: तोच सोर्स कुणीही, कुठेही बांधला तरी तंतोतंत तीच फाइल निघाली पाहिजे. एनपीएममध्ये २०२३ पासून पॅकेज कोणत्या कमिटमधून, म्हणजे गिटमधल्या कोणत्या नोंदीतून, आणि कुठे बांधलं गेलं याचा सहीशिक्क्याचा दाखला जोडता येतो. जोडणं मात्र ऐच्छिक आहे. यातल्या एकट्या कशानेही एक्सझेड पकडलं गेलं नसतं, हे खरं. विषारी टारबॉल कितीही वेळा बांधला तरी तेच विष निघतं. त्याच्या आधी टारबॉल आणि गिट ताडून बघायला हवेत, आणि ते काम आजही बहुतेक ठिकाणी कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने आपल्या सायबर सुरक्षेच्या चौकटीत आणि ऑक्टोबरमध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी हा विषय आणला: कुठल्या प्रणालीत कुठली पॅकेजेस, कुठल्या आवृत्त्या. मुंबईतल्या दलाली पेढ्यांपासून पुण्यातल्या पुरवठादारांपर्यंत या यादीचे तक्ते भरणं आता सुरू झालं आहे. विष जाहीर झाल्यावर ते आपल्याकडे आहे का, हे अशी यादी लगेच सांगते, आणि हा फायदा मोठा आहे. पण २८ मार्च २०२४ ला तिने ‘एक्सझेड ५.६.१’ असंच सांगितलं असतं, आणि ते अगदी बरोबर असतं. म्हणून हे तक्ते मागणाऱ्यांना आणि भरणाऱ्यांना एकच विनंती: त्यात आणखी एक रकाना घाला. हे पॅकेज कोणत्या कमिटमधून बांधलं, कुणी बांधलं, आणि दुसऱ्या यंत्रावर बांधून ताडून पाहिलं का? बहुतेक ठिकाणी सुरुवातीला तो कोराच राहील. कोरा राहिला तरी तसाच भरून द्या.